पहिलीतली तीन वर्षं

आमच्या संकुलात म्हातारं व्हायचं तर आता नंबर लावावा लागतो. गंमत नाही सांगत. वीस वर्षांपूर्वी आम्ही बाळकुमला राहायला आलो तेव्हा सहा इमारतींत मिळून तीन म्हातारे होते, आणि पोरं इतकी की संध्याकाळी गाडी आत घेणाऱ्याला आधी खाली उतरून पोरं बाजूला करावी लागत. आता पोरं मोजून अकरा आहेत आणि साठीच्या पुढचे एकशे चाळीस. घसरगुंडीवर आम्ही पापड वाळत घालतो.

साठी झालेल्या सगळ्यांना ज्येष्ठ म्हणायचं तर उठून चहा कोण आणणार, असा प्रश्न आमच्या ज्येष्ठ कट्ट्यावर निघाला. कट्ट्याचे सचिव प्रभाकरराव. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण फाइलीची सवय बरोबर घेऊनच घरी आले. त्यांनी ठराव मांडला, "आयुर्मान वाढलेलं आहे. आजच्या काळात साठीच्या माणसाने स्वतःला वृद्ध म्हणवून घेणं हास्यास्पद आहे. यापुढे पंच्याहत्तर पूर्ण म्हणजे ज्येष्ठ. साठ ते पंच्याहत्तर, युवा विभाग."

ठराव पास झाला. ज्येष्ठांसाठी बारा खुर्च्या आल्या, हाताच्या, गादीच्या, पाठीवर नंबर घातलेल्या. युवा विभागाला पिवळे टी-शर्ट मिळाले. त्या खुर्च्या मांडायच्या, चहाचा थर्मास आणायचा, पेपर वाटायचे, जिना उतरणाऱ्याला हात द्यायचा, ही युवकांची कामं. आमचे हे गेली तीन वर्षं पाठीवर 'युवा' लिहिलेला टी-शर्ट घालून फिरताहेत.

हे म्हणजे माझा नवरा. संसाराला एक्कावन्न वर्षं झाली, पण लग्नातल्या उखाण्यानंतर मी ह्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आमच्या माणदेशात तशी रीत, आणि मी काही सगळ्याच रिती मोडत बसले नाही. खोपटच्या एसटी डेपोत ह्यांनी तेहेतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. पण बढतीच्या परीक्षेचा फॉर्म तीनदा आणला आणि तीनदा फाडून टाकला. "आपण ढ माणूस," हे म्हणायचे. "पान्याचं काम पान्याने करावं." विनीत, आमचा मुलगा, सातवीत गणितात नापास झाला तेव्हा हे त्याला एक शब्दही बोलले नाहीत. "माझ्यावर गेलाय," म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

आता माझं. मी रोज पहाटे साठ भाकऱ्या थापते. वागळे इस्टेटमधल्या तीन ऑफिसांत त्यांचे डबे जातात, आणि ते पोचवतात हे, स्कूटरवरून. दुपारी परत येऊन कुणाचा मिक्सर, कुणाच्या व्हीलचेअरचं चाक, संध्याकाळी कट्ट्यावरच्या खुर्च्या. दिवसभर कुरकुर चालू असते. पण ह्या तीन वर्षांत पोट आत गेलं, झोप लागायला लागली, आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

तर फेब्रुवारीत बारा नंबरची खुर्ची रिकामी झाली. कशी झाली ते सांगायला नको. त्या खुर्चीत सी विंगचे काका बसायचे. त्यांना खुर्ची मिळाली तेव्हा ते रोज खाडीपर्यंत चालत जायचे. मग चहा हातात यायला लागला, पेपर हातात यायला लागला, चप्पलसुद्धा कुणीतरी पायाशी आणून ठेवायला लागलं. आधी खाडी सुटली, मग गेट सुटलं, मग उठणंच सुटलं. दीड वर्षात माणूस गेला. तेव्हापासून ती खुर्ची मला डोळ्यांसमोर नको झालीय.

आणि ह्यांना नेमकी तीच हवी होती. "एक जूनला मला पंच्याहत्तर पुरी," हे मार्चपासून सांगायला लागले. "त्या दिवसापासून डबे बंद. स्कूटर विकायची. लय पळालो. आता बसायचं."

"बसून काय करणार?"

"बसणार."

विनीतने बापासाठी फ्लेक्ससुद्धा छापायला टाकला, 'अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दौलतराव.' मी रात्री भाजी निवडताना एकटीच रडले. माझा रागच असा आहे, तो डोळ्यांतून बाहेर पडतो.

पण एक अडचण निघाली. धोंडीबा बी विंगचे, तेही युवा विभागात. त्यांचीही एक जूनला पंच्याहत्तर पुरी. खुर्ची एक आणि अर्ज दोन, दोन्हींवर जन्मतारीख तीच. प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. त्यांनी यादी काढली तर संकुलात एक जूनला जन्मलेले एकतीस निघाले.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं. ते पुण्याचे. त्यांच्या जन्माची वेळ मिनिटासकट पत्रिकेत आहे.

त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्या गावांकडे पोराचा जन्म कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा उघडली की बाप पोराला घेऊन जायचा, गुरुजी अंदाजाने वर्ष टाकायचे आणि तारीख एक जून. माझा तर शाळेचा दाखलाच नाही. लग्नात सासूबाईंनी जे सांगितलं ते माझं वय, नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पुढे आधारकार्डाला तारीख हवी झाली तेव्हा ह्यांनी आपलीच एक जून मला देऊन टाकली. म्हणून कागदावर मी एकाहत्तरची होणार होते.

"म्हणजे ही तारीख काल्पनिक आहे," प्रभाकरराव म्हणाले. "दोघांपैकी खरा मोठा कोण ते सिद्ध करावं लागेल. तुमचा जन्म आठवणारं वडीलधारं कुणी असेल तर आणा."

धोंडीबांचं तसं कुणी उरलं नव्हतं. आमच्या वन्सं आहेत, ह्यांच्या थोरल्या बहीण भीमाबाई. त्र्याऐंशीच्या आहेत आणि डोंबिवलीला नातवाकडे राहतात. हे खूश झाले. "खुर्ची आली म्हणून समज," मला म्हणाले. मी परातीत भाकरी जरा जोरातच आपटली.

रविवारी हे डोंबिवलीला गेले आणि वन्संना घेऊन आले. येताना एसटीचा गिअरबॉक्स कसा रडत होता हे चपला काढायच्या आधी सांगून झालं. ह्यांच्या खांद्यावर पितळेचा मोठा हंडा होता.

"पुरावा," हे म्हणाले.

संध्याकाळी कट्ट्यावर हंडा टेबलावर ठेवला. प्रभाकररावांनी चष्मा पुसून गळ्याखालची अक्षरं वाचली, "चि. सौ. कां. भीमाबाई हिचे लग्नाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट, ता. १२-५-५७." आहेराच्या भांड्यावर नाव आणि तारीख कोरायची आमच्याकडे पद्धत. पोर कधी जन्मलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हंडा कुणी दिला ते शंभर वर्षं कळलं पाहिजे.

"उत्तम! लेखी पुरावा," प्रभाकररावांनी वही उघडली. "आजी, या दिवशी दौलतराव किती वर्षांचे होते? कागदाप्रमाणे सहा असायला हवेत."

"सहा?" वन्सं हसायला लागल्या. "सहा कुनी सांगितलं? माझ्या मांडीवर व्हता त्यो. अक्षता पडायच्या आदी लुगडं भिजवलं माजं. तीन उलटून गेल्याली, चौथं चालू व्हतं. दिवाळीचा हाय त्यो."

ह्यांचा चेहरा उतरला. "आक्का, नीट आठव. पुढच्याच महिन्यात मी शाळेत गेलेलो."

"ग्येलासच की! तुला सांभाळायचं कोन? म्या. म्या सासरी ग्येल्यावर तुला बघनार कोन? आय श्यातात, बा श्यातात. मंग बानं न्हेऊन बशिवला साळंत. गुरुजी म्हनलं, डोक्यावरनं हात न्हेऊन पल्याडच्या कानाला लाव. तवा वय आसंच बघायचं, हात कानाला पोचला की पोर सहाचं. तुजा हात काय पुरंना. मंग बानं तुजी मुंडी धरून वाकडी क्येली. आय हसून हसून सांगायची."

सगळा कट्टा हसला. हे हसले नाहीत. खुर्ची गेली म्हणून असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला मनातून आनंद झाला. पण हे भलत्याच विचारात होते. हे हळूच म्हणाले, "आक्का, मग मी पहिलीत... तीन वर्षं..."

कट्ट्यावर कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण लग्नानंतर सहा महिन्यांनी ह्यांनी मला ते अंधारात सांगितलं होतं, एखादा गुन्हा कबूल करावा तसं. हे पहिलीत दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या वर्षी कसेबसे वर ढकलले गेले. बढतीचे फॉर्म त्यापायीच फाडले होते.

"साडेतीन वर्साचं पोर पयलीत काय करनार?" वन्सं म्हणाल्या. "झोपायचास. गुरुजी पोत्यावर निजवायचं तुला."

"म्हणजे मी ढ नव्हतो?" हे म्हणाले.

हे पिवळ्या टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसत होते, बहात्तर वर्षांचा बाप्या, चारचौघांत. मला इतकं भरून आलं की खुर्ची, स्कूटर, सगळं विसरले. तेवढ्यात वन्संनी माझ्याकडे बोट केलं.

"आनि ही शेवंता! ही तर माझ्या सासरच्या गावची. वऱ्हाडात आल्याली. म्होरचे दात पडलेले, तरी पाच लाडू खाल्लं हिनं. ही व्हती बगा सहाची."

प्रभाकररावांचं पेन थांबलं. त्यांनी वहीत बेरीज केली, पुन्हा केली. "सत्तावन्नला सहा. म्हणजे आज वहिनी पंच्याहत्तर."

"काहीतरीच काय," मी म्हणाले. "मी ह्यांच्यापेक्षा लहान आहे."

"तुजं वय लगनात उतरवलं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "नवऱ्यापरीस नवरी थोर कोन करतंय? म्याच जमवलं लगीन. मलाच ठाव."

आता कबूल करायला हरकत नाही, मला तेव्हाच थोडी शंका आली होती. माझं सोळावं वर्ष फार लांबलं होतं. आधी तीन बहिणी उजवायच्या होत्या, तोवर आई मला दरवर्षी सोळाचीच सांगायची.

बारा खुर्च्यांत बाई एकच, मंदाकिनीताई, चार नंबर. त्यांनी काठी आपटली. "बारा नंबर शेवंताबाईंना द्या. ह्या दहा पुरुषांचं रक्तदाब-पुराण ऐकून माझे कान किटले आहेत."

धोंडीबा म्हणाले, "वहिनी बसणार असतील तर आपला अर्ज कॅन्सल." ठराव मंजूर झाला. विनीतने फ्लेक्सवर 'दौलतराव'च्या जागी 'शेवंताबाई' चिकटवलं, पण फोटो बदलायचा राहिला. त्यामुळे एक जूनला गेटवर माझ्या नावावर ह्यांच्या मिशा होत्या. मला शाल दिली, नारळ दिला, आणि ह्यांनी माझी खुर्ची उचलून आणली.

"बसा आजी," हे म्हणाले. सगळे हसले. मी बसले.

पहिल्या दिवशी मजा वाटली. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी चहा आणून दिला आणि तो गरम होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, ठीक आहेत. तिसऱ्या दिवशी उठताना बघितलं तर डावा गुडघा दुखत होता. चौथ्या दिवशी उजवा. पाचव्या दिवशी मी ऑफिसांना फोन करून सांगितलं की उद्यापासून साठ नाही, चाळीसच भाकऱ्या मिळतील. कपाटात शाल होती ती संध्याकाळी अंगावर घेऊन बसायला लागले, जूनच्या उकाड्यात.

आणि हे! ह्यांच्या अंगात वारं शिरलं. भेटेल त्याला सांगत सुटले, "मी ढ नव्हतो बरं का, मी साडेतीन वर्षांचा होतो." लिफ्टमध्ये सांगितलं, वॉचमनला सांगितलं, डबे घेणाऱ्या ऑफिसातल्या पोरींना सांगितलं. वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला होता, त्याला नाव घालतो म्हणाले. शेवटी लेखी परीक्षा होती. "असू दे परीक्षा," हे म्हणाले.

आठवड्याने हंडा परत करायला मीच डोंबिवलीला गेले. हे येतो म्हणाले, पण मी नको म्हटलं. माझ्या मनात काहीतरी खुटखुटत होतं. दोन जिने चढताना तीनदा थांबले, गुडघ्यावर हात ठेवून. दार उघडंच होतं. वन्सं स्टुलावर उभ्या राहून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होत्या.

"वन्सं, पडाल!"

"कशाला पडंन? धर ही."

बरणी खाली ठेवली, हंडा जागेवर ठेवला, त्यात त्यांनी तांदूळ ओतले. मग मी विचारलं, "वन्सं, मी तेव्हा सहाची होते हे नक्की ना?"

"दात पडल्याली पोर व्हती, ह्ये नक्की," त्या म्हणाल्या. "आता ती तू का तुजी थोरली भैन, त्ये काय सांगावं. दोगी सारक्याच दिसायच्या."

माझी थोरली बहीण जाऊन दहा वर्षं झाली. तिला विचारायची सोय नाही. मी म्हटलं, "मग कट्ट्यावर एवढं छातीठोकपणे?"

"चार मानसं वही घिऊन बसल्याली. म्हातारीला कवा नाय त्ये काय तरी इचारत्यात. मंग काय ठाव न्हाई म्हनू?"

मला हसू आलं. एवढं हसू आलं की मी भिंतीला टेकले. मी पंच्याहत्तरची नव्हते! किंवा असेनही. कुणाला ठाऊक नव्हतं, देवालासुद्धा एक जूनच सांगितली असणार. आणि मग एकदम माझं हसू थांबलं.

"आणि हे? मांडीवर होते ते हेच ना?"

वन्सं तांदळातला खडा शोधत राहिल्या. "लुगडं भिजलं ह्ये खरं. पर आमी सात भावंडं. दौलत व्हता का त्येच्या मागचा बाळू... माजं सोताचं लगीन व्हतं शेवंते, म्या काय मांडवात पोरं मोजत बसल्याली?"

"आणि पोत्यावर झोपायचे ते?"

"झोपायचा. त्ये मातुर आयनं सांगितल्यालं. पर पोरं झोपत्यातच."

मी दोन्ही जिने न थांबता उतरले. रिक्षा सापडेना म्हणून स्टँडपर्यंत चालत गेले, आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा लक्षात आलं की गुडघे दुखत नाहीयेत. एकही. म्हणजे आठवडाभर माझ्या गुडघ्यांत तो आकडा दुखत होता. मला स्वतःचाच इतका राग आला की शेजारच्या बाईने खिडकी सोडून जागा बदलली.

घरी जाऊन पहिलं काम खुर्ची परत करायची, असं मी ठरवलं होतं. पण गाडी शिळफाट्याला अडकली आणि विचार करायला वेळ मिळाला. वन्संच्या एकाच तोंडातून दोन आकडे आले होते, माझे पंच्याहत्तर आणि ह्यांचे बहात्तर. माझा खोटा ठरवला तर ह्यांचा कसा टिकणार? प्रभाकरराव वही उघडतील, पुन्हा चौकशी लावतील. मला पाच मिनिटांत एकाहत्तरची होता येईल, पण हे परत पहिलीत नापास होतील. नापास झालेला माणूस मी एक्कावन्न वर्षं बघितला होता, आणखी बघायची माझी तयारी नव्हती.

कट्ट्यावर पोचले तर बारा नंबर मांडून ठेवलेली होती. हे तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलेले, गुडघ्यावर फॉर्म, कानावर पेन. टी-शर्टवर ग्रीसचा डाग. नाव लिहून झालं होतं. वयाच्या रकान्यापाशी घाम पुसत थांबले होते.

"आलीस? आक्का काय म्हणाली?" ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. "आणखी काही आठवलं का तिला? म्हणजे... तेच आठवतंय ना अजून तिला?"

मी हंडा परत करायला गेल्यापासून हा माणूस इथे ह्याच एका प्रश्नावर दिवसभर बसला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी खुर्चीत बसले. शाल काढून पाठीवर टाकली. "उद्यापासून साठ भाकऱ्या," मी सांगितलं. "आणि ही खुर्ची सकाळी आमच्या दारात लागेल, ज्वारी निवडायला. संध्याकाळी कट्ट्यावर. ने-आण युवा विभागाकडे."

"ते झालं गं. आक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, लुगड्यावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. पेन हातात घेतलं, पण हात अजून रकान्यावरच अडला होता. "लिहू? बहात्तर? परीक्षा आहे गं शेवटी. लेखी."

मी पुढे वाकले. मंदाकिनीताई ऐकत होत्या, धोंडीबा थर्मास घेऊन उभे होते, आणि मला कुणाचीच लाज वाटली नाही.

"लिही, दौलत," मी म्हटलं. "मोठ्यांचं ऐकावं."

ह्यांनी दचकून मागे वळून पाहिलं, कोण हाक मारतंय ते. मागे कुणीच नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मान खाली घालून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जपून, लिहायला लागले.